नागपूरच्या हवेत घटपर्णी

पहिलं झाड माझ्या हातून गेलं ते २०२२ च्या एप्रिलात.

घटपर्णीशी माझी ओळख बहुतेकांची असते तशीच, जीवशास्त्राच्या पुस्तकातली. पान, पानाच्या टोकातून निघालेला दोरीसारखा ताणा, ताण्याच्या टोकाला घडा आणि घड्यावर झाकण. बी.एस्सी. होईपर्यंत ही आकृती मी किती वेळा काढली असेल, पण झाड डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पुढे पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली, लग्न झालं, मानेवाड्याला घर झालं आणि आकृती मागे पडली. मग एका सुट्टीत कासच्या पठारावर गेलो. तिथे ओल्या कातळावर दवबिंदू या किडे खाणाऱ्या झाडाची इवलीशी लाल पानं पाहिली, त्यांच्या केसांवर चिकटलेली चिलटं पाहिली, आणि जुनं वेड पुन्हा डोक्यात शिरलं.

आपल्या देशात घटपर्णीची एकच जात आहे, नेपेंथिस खासियाना. ती मेघालयाच्या गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांत वाढते. गारो लोक तिला मेमांग-कोक्सी म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. जंगलातून ओरबाडून ती इतकी कमी झाली की आता तिला कायद्याचं संरक्षण आहे आणि दक्षिण गारो टेकड्यांत बाघमाऱ्याला तिच्यासाठी अभयारण्य आहे. म्हणून मी पहिल्यापासून ठरवलं होतं, रोपवाटिकेत तयार झालेलं संकरित रोपच घ्यायचं. व्हेंट्राटा नावाचा संकर सगळ्यात सोसणारा, असं सगळीकडे वाचलं होतं. दक्षिणेतल्या एका रोपवाटिकेतून तो मागवला. फेब्रुवारीत खोकं आलं. आत ओल्या शेवाळात गुंडाळलेलं रोप आणि त्याला बोटभर लांबीचे चार घडे. सासूबाईंनी हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "अवं, ह्या तं सुरया आहेत." तेव्हापासून आमच्या घरी त्याचं नाव सुरईचं झाड.

बाल्कनीत टांगलं. महिनाभर बरं दिसलं. मग मार्च लागला, पश्चिमेचे कोरडे वारे सुटले, आणि एकेका घड्याचं झाकण कागदासारखं वाजायला लागलं. झाकणापासून खाली, घडा इंचाइंचाने तपकिरी होत गेला. नवी पानं येत होती, चांगली हिरवी, पण पानाच्या टोकाची शेपटी वीतभर वाढायची आणि तिचं टोक काळं पडून वाळून जायचं. मला वाटलं झाड उपाशी आहे. गांडूळखताचं पाणी दिलं. आठ दिवसांनी परत दिलं. उरलेल्या दोन घड्यांवर मुंग्या येत होत्या, काठावरचा मध चाटायच्या, आत डोकवायच्या आणि खुशाल चालत बाहेर यायच्या. "तू तं म्हणत होती हे झाड मुंग्या खाते," सासूबाई म्हणाल्या, "इथं मुंग्याच याले खाऊन राहिल्या."

एप्रिलात मी कुंडी उपडी केली. मुळं पाहिली तर सगळी काळी, केसांसारखी बारीक आणि ठिसूळ. सडली असं समजून मी कात्रीने काळी मुळं कापून टाकली, उरलेल्या बुंध्याला बुरशीनाशक लावलं आणि नव्या मातीत लावलं. दहा दिवसांत झाड संपलं. त्यानंतर शोधत बसले तेव्हा कळलं की घटपर्णीची निरोगी मुळंच काळी असतात, फक्त वाढतं टोक तेवढं पांढरट. मी कापली ती मुळं जिवंत होती. ही गोष्ट कोणी आधी सांगितली असती तर ते झाड आजही असतं, म्हणून इथे सगळ्यात आधी सांगते आहे. काळ्या मुळांना हात लावू नका.

पाण्याचं प्रकरण मला आरओ दुरुस्त करायला आलेल्या दादांमुळे उमगलं. त्यांच्याकडचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, मागून घेतला आणि घरातली सगळी पाणी मोजली. आमच्या बोअरच्या पाण्यात आकडा ७०० च्या वर गेला, नळाच्या पाण्यात २०० च्या आसपास. घटपर्णीला ५० च्या आतलं पाणी लागतं. त्याच वेळी आठवलं, मेलेल्या झाडाच्या कुंडीत शेवाळावर पांढरी खपली धरली होती, कूलरच्या ताट्यांवर धरते तशीच. म्हणजे मी रोज थोडं थोडं मीठच घालत होते. आमच्या आरओचं पाणीही ८५ दाखवत होतं. दादांनी यंत्राच्या बाजूचा बारीक स्क्रू फिरवला. पाणी पिण्यात गोडसर लागावं म्हणून त्या स्क्रूने थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं. तो बंद केल्यावर आकडा २२ वर आला. आता पंधरा दिवसांतून एकदा मी तो स्क्रू बंद करून दोन कॅन भरून ठेवते आणि परत उघडते.

खताचंही तसंच. घटपर्णी ज्या जमिनीत वाढते तिथे नत्र जवळजवळ नसतंच. मुळांना काही मिळत नाही म्हणून तर ती पानाच्या टोकाला घडा धरते आणि किडे पकडते. मुळांना भरपूर खायला मिळालं तर तिला घडे करायची गरज उरत नाही. गांडूळखताचं पाणी पिऊन माझ्या झाडाने हिरवीगार पानं दिली आणि घडे दिले नाहीत, याचा अर्थ तेव्हा मला लागला नव्हता.

पण नागपुरात खरा प्रश्न हवेचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बाहेर ४५ अंश आणि हवेतली आर्द्रता पंधरा-वीस टक्के. घड्याची कळी अशा हवेत फुगूच शकत नाही, शेपटीच्या टोकाला येते आणि जळते. उन्हाने झाड लगेच मरत नाही, पण घडा धरायचं सोडून देतं. मग एकच उपाय राहिला, झाडापुरती वेगळी हवा करायची.

दिराच्या मुलाने मासे पाळायचं सोडलं होतं. त्याची तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच काचेची टाकी गच्चीवर पडून होती. ती मी २०२२ च्या दिवाळीनंतर घासून खाली आणली. तळाला पाणी साचायला जागा हवी म्हणून आधी विटांचे तुकडे घातले. महिन्याभराने तळाचं पाणी सिरिंजने ओढून मोजलं तर २२ चं १८० झालेलं. विटांतले क्षार उतरत होते. सगळं उपसलं आणि भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या आणल्या. त्याही चार दिवस आरओच्या पाण्यात बदलून बदलून भिजवल्या, मगच दोन इंचांचा थर दिला. त्यावर डासांची जाळी. जाळीवर स्फॅग्नम मॉस म्हणजे वाळवलेलं शेवाळ, परलाइटचे हलके पांढरे खडे आणि ऑर्किडसाठी मिळते ती झाडाची साल, साधारण सारख्या भागांनी. माती अजिबात नाही. कोकोपीट घालणार असाल तर आधी धुवून मीटर लावून बघा, त्यात मीठ निघतं.

झाडं मात्र या थरात सरळ लावली नाहीत. प्रत्येक घटपर्णी जाळीच्या छोट्या कुंडीत आणि ती कुंडी थरात पुरलेली. वरून कळत नाही, पण काही बिघडलं तर मुळांना धक्का न लावता झाड बाहेर काढता येतं. मोकळ्या जागेत फिटोनिया हे शोभेचं बुटकं झाड, एक लहान नेचा आणि शेवाळ. शेवाळ मी पहिल्यांदा आमच्या मागच्या भिंतीवरून खरवडून आणलं होतं. प्लास्टरवर वाढलेलं, चुन्यासकट. त्याच्याबरोबर एक बारीक गोगलगायही आली आणि तिने चार रात्रींत फिटोनियाची पानं चाळणीसारखी केली. शेवाळ आणायचंच तर झाडाच्या खोडावरचं आणावं.

दुसऱ्या खेपेला झाडंही विचार करून निवडली. घटपर्णीत दोन स्वभाव आहेत. उंच डोंगरांवरच्या जातींना रात्री बारा-पंधरा अंशांची थंडी लागते, त्या नागपुरात मेमध्ये जगवणं म्हणजे दिवसरात्र एसी. सखल भागातल्या जातींना मात्र उष्ण रात्र चालते. त्यातली नेपेंथिस अँपुलेरिया मी घेतली. बोर्निओ, सुमात्रा, मलाय द्वीपकल्पाच्या दमट जंगलातली. तिचे घडे सुपारीएवढे गोल, जमिनीलगत झुबक्याने येतात, आणि झाकण मागे वळलेलं असतं, घड्याचं तोंड उघडंच. त्यामुळे वरच्या झाडांची वाळकी पानं तिच्यात पडतात. किड्यांपेक्षा या पानांवर तिचा भर, तिच्या पानांतल्या नत्रातला सुमारे एक तृतीयांश भाग पालापाचोळ्यातून आलेला आढळला आहे. किडे खाणाऱ्या घराण्यातली ही पालाखाऊ बहीण मला फार आवडते. तिच्या शेजारी पुन्हा एक व्हेंट्राटा लावली, लहानशी. ती पुढे वेल होऊन टाकीबाहेर जाणार हे माहीत होतं, पण पहिलीचं देणं होतं.

उजेडासाठी वीस वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब झाकणावर, सकाळी सहा ते संध्याकाळी सात, टायमर लावून. टाकी उन्हात ठेवायची नाही. मी एकदा डिसेंबरातलं कोवळं ऊन म्हणून खिडकीशी सरकवली आणि स्वयंपाकघरात कुकर लावून परत आले, तेवढ्यात आतला काटा ४१ वर गेला होता. काच ऊन आत घेते आणि गरम हवा सोडत नाही.

सुरुवातीला टाकी मी घट्ट बंद ठेवली, आर्द्रता हवी म्हणून. तिसऱ्या आठवड्यात सालीच्या तुकड्यांवर पांढरी बुरशी कापसासारखी चढली आणि नेच्याची दोन पानं काळी पडली. लॅबमध्ये रोज बुरशी बघणाऱ्या बाईला हे आधीच सुचायला हवं होतं, ओल आणि कोंडलेली हवा एकत्र आली की बुरशी येणारच. जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा काढून मोबाइलच्या चार्जरवर जोडला. बारा व्होल्टचा पंखा पाच व्होल्टवर हळू फिरतो, तेवढा पुरतो. दर तासाला पंधरा मिनिटं. झाकण दोन बोटं सरकवलेलं. बुरशी आठ दिवसांत गेली आणि आर्द्रता ८० च्या खाली आली नाही.

जानेवारीच्या शेवटी अँपुलेरियाच्या एका पानाच्या शेपटीला टोकाशी गाठ दिसली. तांदळाच्या दाण्याएवढी, चपटी, तांबूस लव असलेली. रोज रात्री जेवण झालं की मी बॅटरी घेऊन बघायची. पहिले पंधरा दिवस गाठ फक्त लांबली. मग टोक वर वळलं, हंसाच्या मानेसारखं. मग एकदा आत हवा भरावी तशी ती फुगायला लागली. तीन दिवसांत वाटाणा, आठवड्यात बोर. झाकण काठाला चिकटलेलं, शिवण दिसत नव्हती. बॅटरी मागून धरली तर आत पाण्याची रेघ हलताना दिसली. झाकण उघडण्याआधीच झाड आत स्वतःचं पाणी तयार करून ठेवतं, त्यात पाऊस नाही की बाहेरचा थेंब नाही. प्रथिनं पचवणारी विकरं त्याच पाण्यात असतात. एक दिवस मी कामावरून आले तर सासूबाई दारातच म्हणाल्या, "चाल, पाहून घे, तुह्या सुरईनं तोंड उघडलं." त्या दुपारभर टाकीसमोर बसून होत्या. झाकण उचललं गेलं ते त्यांनी पाहिलं, मी नाही. उघडल्यावर काठ हिरवा आणि नाजूक होता. पुढचे चार-पाच दिवस तो बाहेर वळत गेला, त्याच्यावर बारीक बारीक उभ्या धारा उमटल्या.

मग व्हेंट्राटालाही घडे आले आणि मुंग्यांचं कोडं सुटलं. देवघरातल्या गुळाच्या वाटीवरून एक रांग टाकीपर्यंत पोचली होती. झाकण सफाईसाठी काढलं होतं, दोनेक तास हवा कोरडी होती, आणि बाल्कनीत पाहिलेलं तेच दृश्य दिसलं. मुंग्या घड्याच्या काठावर येऊन चाटत होत्या आणि परत जात होत्या. मी काठावर आरओच्या पाण्याचा फवारा मारला, अगदी धुक्यासारखा. काठाच्या त्या उभ्या धारांमध्ये पाणी लगेच पसरलं, थेंब न होता, एकसारखा पापुद्रा. पहिल्या मुंगीने पुढचे दोन पाय टेकवले आणि ती गेली. दुसरी गेली. पाच मिनिटांत सात मुंग्या आत. आतली भिंत मेणचट, वर चढू देत नाही. होल्गर बोन आणि वॉल्टर फेडर्ले या दोन संशोधकांनी २००४ साली हेच दाखवलं, की ओला काठ किड्याच्या पायांखालून निसटतो, पावसात रस्त्यावर गाडीचं चाक घसरतं तसा. कोरड्या काठावर किड्याचे पाय टिकतात. माझ्या बाल्कनीतलं ते झाड भुकेलेलं होतं हे खरं, पण त्याला मी खत देत होते आणि लागत होती हवेतली ओल. ओल असती तर मुंग्या त्याने स्वतः पकडल्या असत्या.

खायला घालायचं का, हे सगळे विचारतात. कोणी कोंबडीचा तुकडा टाका म्हणतं, कोणी पनीर. घडा कुजतो, टाकीभर वास येतो. टाकीत किडे फारसे येत नाहीत, म्हणून मी महिन्यातून एकदा माशांचं खाद्य, वाळवलेल्या लाल अळ्या, दोन-तीन भिजवून एखाद्या घड्यात सोडते. अँपुलेरियाला फिटोनियाचं वाळलेलं पान.

पहिला उन्हाळा मात्र कठीण गेला. टाकी हॉलमध्ये कूलरच्या समोर नाही, पण त्याच खोलीत ठेवली. आपला पत्र्याचा कूलर, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या, झाडासाठी याहून चांगलं यंत्र नाही. बाहेर ४५ असताना खोलीत ३२ आणि आर्द्रता साठच्या घरात. टाकीत ८५. ट्यूबच्या वेळा उन्हाळ्यात बदलल्या, दुपारी बारा ते चार बंद, कारण त्या स्वतःच दोन अंश वाढवतात. मेअखेरच्या नवतपात एका दुपारी वीज गेली आणि तीन तास आली नाही. टाकीत ३८ झालं तेव्हा फ्रीजरमधल्या बर्फ झालेल्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या. सासूबाई टाकीवर ओली चादर टाकून स्वतः हातपंख्याने वारा घालत बसल्या होत्या. मला काही बोलल्या नाहीत, मीही नाही. दोन घड्यांची झाकणं सुकली, बाकी सगळं वाचलं.

पावसाळ्यात काहीच करावं लागत नाही. जुलैपासून आपली हवाच अशी होते की मी झाकण काढून ठेवते. पहिले दोन पाऊस सोडून देते, गच्ची धुतली जाते, मग टब मांडते. पावसाच्या पाण्याचा आकडा १० च्या आसपास येतो. कॅनमध्ये भरून झाकण पक्कं लावायचं, उघड्या टबात दोन दिवसांत डासांच्या अळ्या होतात आणि आपल्याकडे डेंगूचं भय आहे. थंडीची काळजी अँपुलेरियासाठी. रात्री पारा दहाच्या खाली गेला की तिची पानं निस्तेज होतात. तीन बाजूंना थर्माकोल, आणि पाण्याने भरलेल्या रुंद बरणीत माशांच्या टाकीचा छोटा हिटर, २६ वर लावलेला. आत रात्री २० राहतं.

व्हेंट्राटा गेल्या वर्षी ट्यूबला टेकली. तिला कापणं जिवावर आलं होतं, पण कापलं, शेंड्याचे दोन-दोन पेरांचे तीन तुकडे, पानं अर्धी छाटून ओल्या मॉसमध्ये रोवले. एक कुजला. दोघांना दोन महिन्यांनी नवी पालवी आली. मुळं बघायला एक तुकडा हलकेच वर उचलला, तर खाली दोन बारीक काळे धागे लोंबत होते आणि त्यांची टोकं पांढरी होती. तसाच परत ठेवला. एक रोप लॅबमधल्या मैत्रिणीला धरमपेठेत दिलं, टीडीएस मीटरसकट. दुसरं जुन्या बुंध्याशेजारी टाकीतच आहे. त्याच्या तिसऱ्या पानाला परवा शेपटी सुटली. सासूबाई रोज सकाळी चष्मा लावून तिच्या टोकाला गाठ आली का ते बघतात.